रिपोर्ट येईपर्यंत

आयसोलेशनच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला. "सिस्टर, रिपोर्ट आला का?" तुम्ही नाडी बघायला गेलेल्या असा, औषध द्यायला किंवा नुसती सलाईन संपत आली का ते पाहायला, प्रश्न तोच. रात्री तीन वाजता दार हळूच लोटलं तरी अंधारातून तेच विचारलं जातं, कारण आतला माणूस झोपलेला नसतो.

नोकरीतली बरीच वर्षं मी साथरोगांच्या वॉर्डात काढली. नर्सिंगच्या पुस्तकांत प्रत्येक रोगाचं वेगळं प्रकरण असतं आणि त्या प्रकरणात रोगाचं नाव आधीच ठरलेलं असतं. आपल्यासमोर येणारा पेशंट मात्र नाव नसलेला ताप घेऊन येतो. केसपेपरवर "संशयित" एवढंच लिहिलेलं असतं. नमुना प्रयोगशाळेत जातो, उत्तर यायला एक दिवस लागतो, कधी दोन-तीन, टीबीच्या कल्चरला तर आठवडे. हा मधला काळ जवळजवळ पूर्णपणे सिस्टरच्या हातात असतो. डॉक्टर राउंडला येऊन जातात, नातेवाईक दाराबाहेर थांबतात, आत-बाहेर करतो ते आपणच. म्हणून हा लेख त्या मधल्या काळाबद्दल आहे. जिथे आयसोलेशन म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची एक खोली असते, अशा ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदर्सना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिते आहे. ज्यांचं माणूस अशा खोलीत आहे त्यांनीही वाचावा.

मे २०१८ मध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात, पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात लिनी पुथुस्सेरी या नर्सने तापाच्या एका तरुण पेशंटची शुश्रूषा केली. त्याला निपा झाला आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. २१ मे रोजी लिनी गेल्या, मागे दोन लहान मुलं ठेवून. रोगाचं नाव कळण्याआधीच आपण पेशंटला हात लावलेला असतो, म्हणून काळजी नाव कळल्यावर सुरू करून भागत नाही.

दारातली पाच मिनिटं

आयसोलेशन खोलीत नव्हे, केसपेपरच्या खिडकीपाशी सुरू होतं. ताप आणि अंगावर पुरळ आहे का? खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे का? ताप आणि दम? पाण्यासारखे जुलाब? घरात किंवा शेजारी आणखी कुणाला असंच झालंय का, अलीकडे कुठे प्रवास झाला? हे प्रश्न विचारायला मिनिटभर लागतो. उत्तर "हो" आलं तर त्या माणसाला बाकावर बसवू नका.

का, ते गोवरावरून सांगते. गोवराचं मूल खोलीतून निघून गेलं तरी त्याचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. आता लसीकरणाच्या दिवसाचा बाक आठवा. दीड-दोन-तीन महिन्यांची बाळं आयांच्या मांडीवर, आणि त्यांच्याच शेजारी "अंगावर काहीतरी उठलंय" म्हणून आणलेलं मूल. त्या बाळांना वाचवणारं त्या क्षणी एकच आहे, खिडकीपाशी बसलेल्या माणसाची नजर.

पेशंटला तोंडावर बांधायला साधा सर्जिकल मास्क द्या आणि एन-९५ स्वतः घाला. हे मी पुष्कळदा उलटं पाहिलं आहे. दम लागलेल्या माणसाच्या तोंडावर घट्ट एन-९५ आणि सिस्टरच्या हनुवटीवर ढिला कापडी मास्क. पेशंटच्या मास्कचं काम त्याच्या खोकल्यातले थेंब अडवणं आहे, तुमच्या मास्कचं काम हवेतले सूक्ष्म कण गाळणं. झडप असलेला मास्क तर पेशंटला मुळीच नको. त्यातून आत येणारी हवा गाळली जाते, बाहेर पडणारी तशीच निघून जाते.

खोली कशी असावी

मोठ्या रुग्णालयांत हवेतून पसरणाऱ्या रोगांसाठी ऋण दाबाची खोली असते. तिथली हवा तासाला किमान बारा वेळा बदलते आणि बाहेर फेकली जाते. तालुक्याच्या ठिकाणी असलं काही नसतं, पण खिडकी असते. व्हरांड्याकडचं दार बंद, बाहेरच्या मोकळ्या बाजूच्या खिडक्या उघड्या, जमलं तर हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट पंखा. वारा कुठून कुठे जातोय हे पाहायला उदबत्ती पुरते. दाराच्या फटीपाशी धरा. धूर खोलीत ओढला गेला तर ठीक, व्हरांड्याकडे आला तर खोलीतली हवा वॉर्डात येते आहे असं समजा आणि इनचार्जना सांगा. स्प्लिट एसी लावून खोली बंद करणं हा सगळ्यात वाईट मार्ग. तो तीच हवा थंड करून परत देतो.

एका गोष्टीवर मी कायम भांडत आले आहे. संशयित पेशंटला पक्क्या पेशंटसोबत ठेवू नका. खाटा कमी असतात हे मला माहीत आहे. पण ज्याला साधा न्यूमोनिया आहे त्याला टीबीच्या पेशंटशेजारी दोन दिवस झोपवलं, तर आजार आपणच लावून दिलेला असेल. पक्के पेशंट गरज पडली तर एकत्र ठेवता येतात. संशयित मात्र शक्यतो एकेकटे. तेही अशक्य असेल तर दोन खाटांत मीटरभराहून जास्त अंतर, मध्ये पडदा, दोघांना मास्क आणि खिडक्या सताड उघड्या.

रोग कुठल्या वाटेने जातो ते दारावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून लावा. हवेतून जाणारे: टीबी, गोवर, कांजिण्या. खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून: घटसर्प, डांग्या खोकला, फ्लू. स्पर्शातून आणि विष्ठेतून: कॉलरा, खरूज, जखमांमधले काही जंतू. कांजिण्या दोन्ही वाटांनी जातात, हवेतून आणि फोडांतल्या पाण्यातून. पाटीवर रोगाचं नाव नको, वाट आणि काळजी एवढंच असावं. नाव वाचणारे डोळे फक्त कर्मचाऱ्यांचे नसतात.

आत जाण्याआधी, बाहेर येताना

आत जाताना ट्रे पूर्ण भरा. थर्मामीटर, ऑक्सिमीटर, औषधं, कॅन्युला, टेप, चादर, पाण्याची बाटली. कापूस राहिला म्हणून गाऊन-मास्क-ग्लोव्हजचं सगळं किट उतरवून बाहेर यायचं आणि पुन्हा चढवून आत जायचं यात वेळ जातो, किट वाया जातं आणि प्रत्येक वेळी चूक होण्याची एक संधी वाढते. खोलीत फोन असेल तर आधी पेशंटलाच विचारा: "मी पाच मिनिटांत येते, काय काय आणू?"

पण या पद्धतीला एक धोका चिकटलेला आहे. कामं एकत्र करता करता फेऱ्याच कमी होतात. वेगळ्या ठेवलेल्या पेशंटकडे इतरांपेक्षा कमी वेळा जाणं होतं हे परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि ज्याने असा वॉर्ड चालवला आहे त्याला ते अभ्यासाशिवायही दिसतं. तिथला पेशंट खाटेवरून पडतो तेव्हा आवाज कुणाला ऐकू जात नाही. कुशीवर वळवायचं राहून गेलं की पाठीला फोड येतो. म्हणून फेऱ्यांच्या वेळा कागदावर लिहून दाराला चिकटवा आणि प्रत्येक फेरीनंतर सही करा. स्वतःहून वळता न येणाऱ्याची कूस दर दोन तासांनी बदललीच पाहिजे, मग त्यासाठी कितीही वेळा गाऊन चढवावा लागो.

किट चढवणं सोपं. आधी हात स्वच्छ, मग गाऊन, मास्क, गॉगल किंवा शील्ड आणि शेवटी गाऊनच्या बाह्यांवरून ग्लोव्हज. एन-९५ची नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, मास्कवर हात ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने हवा लागली तर पुन्हा बसवा. ब्रदर्सना एक विनंती, या ड्युटीला दाढी काढून या. केसांच्या फटीतून हवा मास्कला वळसा घालून आत येते.

किट उतरवायला मात्र घाई करू नका. संसर्गाचा धोका इथे फार असतो, कारण ड्युटी संपलेली असते, घाम निथळत असतो, तहानेने जीव जात असतो आणि सगळं एकदाचं अंगावरून ओरबाडून काढावंसं वाटतं. २०२० च्या उन्हाळ्यात, कोविडच्या वॉर्डात, सहा-सहा तास ते प्लास्टिक घालून काम केलेल्या प्रत्येकाला हे आठवत असेल. आधी ग्लोव्हज उलटे करत काढा, हातांना सॅनिटायझर लावा. मग गाऊन, बाहेरची बाजू आत गुंडाळत, अंगापासून लांब धरून. पुन्हा हात. मग गॉगल, मागच्या पट्ट्याला धरून. मास्क सगळ्यांत शेवटी, खोलीच्या बाहेर येऊन दार लावल्यावर, पुढच्या भागाला बोट न लावता, आधी खालचा पट्टा मग वरचा. आणि पुन्हा हात. उतरवण्याच्या जागी आरसा लावा. शक्य असेल तर एका सहकाऱ्याने समोर उभं राहून एकेक पायरी मोठ्याने म्हणावी. दमलेल्या डोक्याला दुसऱ्याचा आवाज लागतो.

भीतीपोटी तीन-तीन ग्लोव्हज घालून, त्याच हाताने खिशातला मोबाइल काढणारे मी पाहिले आहेत. एकच जोडी घाला, पण दोन पेशंटच्या मध्ये बदला. ग्लोव्हज घातले म्हणून हात धुणं सुटत नाही. सॅनिटायझर वीस ते तीस सेकंद चोळायचं, साबण-पाण्याने धुवायचं ते चाळीस ते साठ सेकंद. जुलाबाच्या पेशंटकडून आल्यावर सॅनिटायझरवर विसंबू नका. जुलाबाच्या काही जंतूंवर अल्कोहोल नीट चालत नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं.

वाट पाहणं म्हणजे थांबणं नाही

नव्या सिस्टर्सचा एक समज असतो की रिपोर्ट येईपर्यंत "काही करायचं नसतं". काही आजारांत याच समजाने जीव जातो.

घटसर्पाचं मूल घ्या. ताप फार नसतो, घसा दुखतो, आवाज बसतो. घशात करड्या-पांढऱ्या रंगाचा पापुद्रा दिसतो, काही मुलांची मान बैलासारखी सुजते. या आजाराचं विष रक्तात भिनतं आणि हृदयाला, नसांना इजा करतं. एकदा ते पेशींना चिकटलं की प्रतिविषाचा उपयोग होत नाही. म्हणून कल्चरच्या रिपोर्टसाठी न थांबता, नुसत्या लक्षणांवरून डॉक्टर प्रतिविष सुरू करतात. ते घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं असतं. त्यामुळे आधी संवेदनशीलतेची चाचणी होते आणि अॅड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवायचं, हे तुमचं काम.

पुढचं सगळं शुश्रूषेवर आहे. पापुद्रा खरवडू नका, रक्त येतं. घसा पाहायला जबरदस्तीने जीभ दाबू नका, मूल घाबरून रडलं की अरुंद झालेली श्वासाची वाट आणखी आवळते. श्वास घेताना घरघर येते आहे का, बरगड्यांखाली खड्डे पडतात का, मूल अस्वस्थ होऊन उठून बसतंय का, याकडे डोळे ठेवा. यातलं काहीही दिसलं की डॉक्टरांना लगेच बोलवा. श्वासनलिकेच्या तातडीच्या कामाचा ट्रे खोलीबाहेर तयार असू द्या. आणि मुलाला खाटेवरून उतरू देऊ नका. दोन-तीन दिवसांत ताप जातो, मूल हसायला लागतं, आई म्हणते, "आता बरं आहे, संडासला चालत जाऊ दे की." नाही म्हणा. हृदयाचा त्रास पुढच्या आठवड्यांत डोकं वर काढतो. नाडी अनियमित लागली, आवाज नाकातून यायला लागला, पाणी पाजताना नाकातून परत आलं, तर त्याच मिनिटाला कळवा. ही लक्षणं मॉनिटरच्या आधी पाणी पाजणाऱ्या हाताला कळतात.

गोवराच्या मुलालाही वाट पाहत ठेवू नका. अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, आज एक आणि उद्या एक: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांपर्यंत एक लाख, वर्षावरच्या मुलाला दोन लाख. डोळे स्वच्छ ओल्या कापसाने पुसायचे, तोंड आतून साफ ठेवायचं, अंगावरचं दूध चालू. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा ५० किंवा त्याहून जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. पुष्कळ घरांत "देवी आली" म्हणून कडुनिंबाचा पाला खाटेखाली ठेवतात आणि औषध टाळतात. त्यांना हिणवू नका. पाला राहू द्या, औषधही घेऊ द्या. मी आजवर एकाही आजीचा पाला काढला नाही आणि एकही डोस चुकू दिला नाही.

मुलासोबत आई आत राहावी की नाही यावर वॉर्डात दरवेळी वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे, राहावी. आईपासून तोडलेलं तीन वर्षांचं मूल खात नाही, झोपत नाही, औषध थुंकून टाकतं. आईला गोवर किंवा कांजिण्या होऊन गेल्या आहेत का, ती गरोदर आहे का, हे विचारा. मास्क द्या, हात कसे धुवायचे ते करून दाखवा आणि तिला दिवसभर आत-बाहेर फिरू देऊ नका. गरोदर असेल तर मात्र दुसरं कुणी बसवा.

टीबीच्या संशयितांसाठी एवढंच: थुंकीचा नमुना खोलीत किंवा संडासात घेऊ नका, बाहेर उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून घ्या. सकाळचा, खोल खोकून काढलेला हवा. नुसती लाळ निघाली तर पुन्हा घ्यावा लागेल हे आधीच समजावून सांगा. नमुना कुठलाही असो, बाटलीवरचं नाव पेशंटसमोर, त्याच्या तोंडून पूर्ण नाव वदवून घेऊन लिहा. घशाचा-नाकाचा स्वॅब दोन ते आठ अंश तापमानात जायला हवा. बर्फाच्या डब्यात बर्फ आहे का, ते गाडी निघायच्या आधी उघडून बघा. चुकीच्या नावाचा किंवा उन्हात तापलेला नमुना म्हणजे पेशंटचे आणखी दोन दिवस कोंडून जाणं.

खोलीतला माणूस

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते.

किटमध्ये सगळे सारखे दिसतात. पेशंटला दिवसभर फक्त पांढरी आकृती येते-जाते असं दिसतं. गाऊनवर छातीपाशी मार्करने ठळक अक्षरांत नाव लिहा, "सिस्टर सुनंदा" असं. आत गेल्यावर आधी नाव सांगा, मग हात लावा. ऐकू कमी येणारी म्हातारी माणसं आपल्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात, मास्कमागे ओठ दिसत नाहीत. सावकाश, मोठ्याने, उजेडात उभं राहून बोला. त्यांना वाचता येत असेल तर पाटी-पेन्सिल ठेवा. निमुळती, थरथरणारी अक्षरं का होईना, "पाणी" एवढं लिहून दाखवणाऱ्या एका आजोबांना मी कधी विसरले नाही.

खोलीत भिंतीवर घड्याळ आणि कॅलेंडर हवंच. दिवस-रात्र कळेनासं झालं की वृद्ध माणसं गोंधळतात, रात्री उठून "मला घरी जायचंय" म्हणत सलाईन उपसतात, आणि मग आपण त्यांना "त्रासदायक पेशंट" म्हणतो. दिवसा पडदे उघडे, रात्री मोठा दिवा बंद. चष्मा, कवळी, कानाचं मशीन आणि मोबाइलचा चार्जर या चार वस्तू घरून मागवून घ्या. पाणी हाताला लागेल असं ठेवा, टेबलाच्या पलीकडच्या कडेला नको.

एक गोष्ट पेशंट सांगत नाहीत, ती तुम्ही ओळखायची. "सिस्टरला सारखं किट घालावं लागतं" म्हणून म्हातारी माणसं पाणी पिणं कमी करतात. लघवीला बोलवावं लागू नये म्हणून. मग ताप वाढतो, जीभ कोरडी पडते. चार्टवर पाणी किती प्यायलं आणि लघवी किती झाली, दोन्ही लिहा. आणि त्यांना आधीच सांगून ठेवा: "आजी, तुम्ही दहादा बोलवलंत तरी मी येणारच आहे. ते माझं काम आहे."

ताट दारातून सरकवून निघून जाऊ नका. पाच मिनिटं थांबा, पहिला घास घेताना बघा. कवळी नसेल तर भाकरी दुधात चुरून द्या. किती खाल्लं ते लिहा. ऑक्सिमीटर लावताना बोट गार आहे का, नखांवर रंग किंवा मेंदी आहे का ते बघा. आकडा त्याने चुकतो. आकडा चांगला असला तरी माणूस पूर्ण वाक्य न थांबता बोलू शकतो का, हे बोलता बोलता कळतं.

आणि तो प्रश्न, "रिपोर्ट आला का?" याचं उत्तर "नाही" एवढंच देऊ नका. नमुना कधी गेला, कुठे गेला, साधारण कधी कळेल, तोवर आपण काय करतो आहोत, हे सांगा. "काल दुपारी गेलाय, बहुतेक उद्या संध्याकाळपर्यंत येईल. आला की मी स्वतः सांगेन, तोपर्यंत औषध चालूच आहे." वेळ सांगितली की वाट पाहणं थोडं सुसह्य होतं. आणि उद्या संध्याकाळी रिपोर्ट आला नाही, तर तेही जाऊन सांगा. तो दाराकडे बघत बसलेला असतो.

मावशी आणि मामा

सगळ्यांत जास्त धोका ज्यांना आणि सगळ्यांत कमी शिकवणं ज्यांना मिळतं, ते आपले सफाईचे कर्मचारी. माझ्या सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी मावशींना फाटके ग्लोव्हज दिले जात आणि त्या ते धुऊन पुन्हा घालत. त्याची लाज मला आजही वाटते, कारण मी ते बघत होते. मावशी-मामांना तुमच्यासारखंच किट आणि तुमच्यासारखंच किट उतरवण्याचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे. हिपॅटायटीस बीच्या लसीचे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, त्यांचेही झालेले हवेत.

हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, रोज ताजं करायचं. पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी, म्हणजे एक टक्का होतं. रक्त किंवा उलटी सांडली तर आधी कापड टाकून शोषू द्या, मग वर हायपो ओतून दहा मिनिटं थांबा, मगच पुसा. संडास साफ करायचं अॅसिड आणि हायपो कधीही एकत्र नको, विषारी क्लोरीन वायू निघतो. फरशी झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. चादरी झटकू नका, जागच्या जागी गुंडाळून थेट पिशवीत. आणि हायपो माणसांच्या अंगावर फवारू नका. २०२० मध्ये ते काही ठिकाणी झालं. त्याने रोग जात नाही, डोळे आणि कातडी मात्र भाजते.

कचऱ्याच्या रंगांबद्दल सगळ्यांना माहीत असतं, तरी रात्रीच्या ड्युटीत चूक होते ती सुईची. सुईला टोपण परत लावू नका, थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाका. टोचलीच तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतं. "इनचार्ज ओरडतील" म्हणून सकाळपर्यंत गप्प राहू नका. इनचार्ज वाचत असतील तर त्यांनी ओरडू नये.

बाहेर थांबलेल्यांसाठी

महाराष्ट्रात आजाऱ्याला वेगळं ठेवण्याची भीती जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून माणसं उचलली, आणि लोक आजारी माणसाला लपवू लागले. त्याच १८९७ साली सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. प्लेगनेच १० मार्चला त्यांचा अंत झाला. लोक लपवत होते ते शिपायांपासून. या बाईपासून कुणी आपलं मूल लपवलं असतं असं मला वाटत नाही. तुमच्या वॉर्डाकडे गाव कसं बघतं हे तुम्ही दारात उभ्या असलेल्या नातेवाइकाशी कशा बोलता यावर ठरतं.

नातेवाइकांनो, तुमच्यातला एकच माणूस ठरवा, ज्याला रुग्णालय फोन करील आणि जो बाकीच्यांना सांगेल. चालू असलेल्या औषधांची यादी आणि जुने कागद पाठवा. रोज ठरावीक वेळेला आतल्या माणसाला फोन करा, दिवसातून वीसदा नको. पेशंटचं नाव, फोटो, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. एकदा फिरलेला फोटो घरच्यांच्या मागे वर्षानुवर्षं लागतो. आणि संपर्कात आलेल्यांना लस किंवा औषध सांगितलं तर त्याच दिवशी घ्या. गोवराच्या पेशंटच्या संपर्कानंतर ७२ तासांच्या आत दिलेली लस आजार टाळू शकते. घटसर्पाच्या घरातल्या सगळ्यांना प्रतिजैविक लागतं.

रिपोर्ट आल्यावर

निगेटिव्ह आला म्हणजे दार लगेच सताड उघडायचं असं नाही. स्वॅब वरवर घेतला गेला असेल, फार लवकर घेतला असेल. लक्षणं तशीच असतील तर डॉक्टर पुन्हा नमुना मागतील, तोवर काळजी तीच. पेशंटला हे नीट समजावा, नाहीतर त्याला फसवल्यासारखं वाटतं. पॉझिटिव्ह आला तर दारातून ओरडून सांगू नका. किट घालून आत जा, खुर्ची ओढून बसा, हात धरा. ग्लोव्हजमधूनही ऊब पोचते. किती दिवस वेगळं राहावं लागेल ते सांगा: गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, घटसर्पात औषध संपल्यावर चोवीस तासांच्या अंतराने घेतलेली दोन कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत. "बरं होईपर्यंत" हे उत्तर कुणालाच पुरत नाही.

स्वतःकडेही बघा. रोज ड्युटीला येताना स्वतःचा ताप मोजून वहीत लिहा. लसी पूर्ण करा. गरोदर असाल तर कांजिण्या-गोवराच्या खोलीत जाऊ नका आणि ते सांगताना संकोचू नका. ड्युटीचे कपडे रुग्णालयातच बदला, मग घरी जा.

हँडओव्हर देताना तापमान, नाडी, सलाईन हे सगळे सांगतात. त्याखाली आणखी दोन ओळी लिहा. मी लिहीत असे त्यातली एक अजून पाठ आहे: "खोली ३, आजी. उजव्या कानाने ऐकू येतं. चहा बिनसाखरेचा. नातीचा फोन रात्री आठला येतो, तेव्हा मोबाइल कानाला धरून द्यावा लागतो. रिपोर्ट उद्या."